गेरूची तारीख

मला गोष्ट सांगायची नव्हती. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा निरोप धाडला, मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्या स्वतःच आल्या, माझ्या खाटेवर बसल्या आणि उठेनात. म्हणाल्या, "पोरांसाठी छापायचंय, तात्या. थंडीतापाची एक गोष्ट द्या. बोध मात्र शेवटी स्वच्छ लिहा." मी चौथीतून पळालेला माणूस. मी कसला बोध देणार? शिवाय पोरं मला आवडत नाहीत. फार ओरडतात. एक पोर तेवढी आवडायची. तिच्यासाठी लिहितो. बाकीच्यांनी वाचायचं तर वाचा, नाहीतर उन्हात खेळा जा.

तर आता ऐका.

एका गावात एक बाई होती आणि तिच्या भिंती होत्या. गावाचं नाव तळकोंड. डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून चौसष्ट घरं. बाईचं नाव हौसाबाई. सगळे तिला हौसाक्का म्हणायचे.

तिच्या भिंती इतरांसारख्याच, मातीच्या. पण खाली हातभर शेणाचं सारवण, वर पांढऱ्या मातीचं पोतेरं, आणि दोन्हींच्या मधली रेघ अशी सरळ, की सुतारानं दोरी धरून मारावी. प्रत्येक सणाच्या आधी ती सगळं घर सारवून, पोतारून काढायची. गावात नवी सून आली की सासू तिला आधी देवळात न्यायची आणि मग हौसाक्काच्या ओसरीवर. "बघून ठेव," म्हणायची.

तोंडानं मात्र हौसाक्का माझ्याहून वाईट. हे मी कौतुकानं लिहितोय.

तिची एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. आणि पुढच्याच पावसाळ्यात लेक थंडीतापानं गेली. मागं राहिली ती पोर. मंजुळा तिचं नाव, मंजी म्हणायचे. जावयानं दुसरं लग्न केलं आणि तो पुन्हा फिरकला नाही. म्हणजे घरात दोघीच. एक पन्नाशीची आणि एक पाच वर्षांची. हौसाक्का त्या पोरीला डोळ्यांआड होऊ द्यायची नाही. ओढ्यावर धुणं धुवायला गेली तरी पदराचं टोक तिच्या मुठीत देऊन ठेवायची.

तळकोंडात थंडीताप दरसाल यायचा. दुपारी एकदम हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं. मग घाम. दुसऱ्या दिवशी माणूस बरा दिसायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या तापासाठी सरकारनं घरोघर औषध फवारायचं ठरवलं होतं. त्यासाठी एक माणूस यायचा. लपवून काय करू, तो मीच. नाव बाळकू. माझा जोडीदार पंप हाणायचा आणि मी नळी धरायचो. पंपाचा फुस्स फुस्स आवाज व्हायचा, म्हणून मंजी मला फुस्सतात्या म्हणायची. मी आलो की गल्लीभर माझ्या मागं चालायची, तोंडानं फुस्स फुस्स करत, हवेत हात फिरवत. मी तिला कधी हाकललं नाही. का कोण जाणे.

आता औषधाचं समजून घ्या, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. डास माणसाचं रक्त पितो. प्यायला की जड होतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. भिंतीवर औषध असेल तर तिथंच मरतो. मेलेला डास ताप घेऊन दुसऱ्या माणसाकडं जात नाही. एवढंच. म्हणून औषध भिंतीला मारायचं, आणि तीन महिने त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. सारवायची नाही, पोतारायची नाही, धुवायची नाही.

हे सगळं मी सांगितलं होतं. चावडीपुढं उभं राहून, मोठ्यानं. पंचवीस-तीस पुरुष बसले होते. त्यांनी माना हलवल्या. एक जण "बरं बरं" म्हणत तंबाखू मळत राहिला. माझं सांगायचं काम झालं.

घर फवारून झालं की ओसरीवर, चौकटीच्या डाव्या अंगाला, छातीइतक्या उंचीवर मी गेरूनं तारीख लिहायचो. ती तारीख म्हणजे या घरात औषध मारल्याची खूण. माझं अक्षर वाईट होतं, पण आकडे झकास. वरच्या साहेबांनी ती खूण बघायची आणि वहीत लिहायचं, असा रिवाज.

त्या साली मी नागपंचमीच्या आठ दिवस आधी तळकोंड फवारलं. हौसाक्काच्या घरात शिरलो तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. औषध वाळलं की भिंतीवर पांढरट-करडे ओघळ दिसतात. ते बघून तिचा जीव तुटला.

"मेल्या बाळकू, माझ्या भितीवर गाढव मुतल्यावानी डाग पाडलंस!"

"डाग न्हाईत, औषध हाय."

"औषध आसंल तर पोटात द्यायचं. भितीला कशापायी? भितीला ताप आलाय व्हय?"

मंजी खोखो हसली. मला घाई होती, अजून बारा घरं राहिली होती. मी म्हटलं, "सगळं चावडीत सांगितलंय. तिथं इचारा." आणि गेरूनं तारीख लिहून बाहेर पडलो.

हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

आता साहेबांकडं येऊ. काम नीट झालं की नाही हे बघायला जिल्ह्याहून एक साहेब यायचे. छत्री, वही, पाठीमागं एक शिपाई. गल्लीतून चालत जायचे, प्रत्येक ओसरीकडं नजर टाकायचे, गेरूची तारीख दिसली की वहीत बरोबरची खूण करायचे. घरात पाऊल टाकायचे नाहीत. गावानं त्यांना गेरूसाहेब असं नाव ठेवलं होतं. आदल्या साली एका घराची तारीख पुसली गेली होती. साहेब त्या बाईवर एवढे खवळले, की बिचारीला रडू फुटलं. "तारीख नाही म्हणजे फवारणी नाही! घर यादीतून काढून टाकीन!" तेव्हापासून तळकोंडात तारखेला फार मान आला.

गौरी झाल्यावर गेरूसाहेब आले. चौसष्ट घरं बघितली. चौसष्ट तारखा, काल लिहिल्यासारख्या लख्ख. साहेबांचा चेहरा उजळला. वहीत लिहिलं, फवारणी शंभर टक्के. गावाला एक छापील कागद दिला, काचेच्या चौकटीत घालून. तो चावडीत टांगला. हौसाक्काची तारीख तर त्यांनी शिपायाला बोट दाखवून दाखवली. हौसाक्का पंधरा दिवस त्याच तोऱ्यात होती.

आणि त्याच पंधरा दिवसांत ताप आला.

एका घरात नाही, सगळीकडं. ओढ्याच्या अलीकडं, पलीकडं. मंजीला भाद्रपदात एकदा येऊन गेला. गोळ्या दिल्या, उतरला. आश्विन लागता लागता पुन्हा आला. पोरीचे हात काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं पुढं आलं. हौसाक्कानं तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. सहा मैल. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, सुजून दगडासारखी झाली होती. ते म्हणाले, "बाई, गोळ्या देतो. हा ताप उतरेल. पण तिच्या अंगात आता रक्त राहिलेलं नाही. आणखी एकदा ताप आला तर तिला झेपायचा नाही. डासापासून जपा."

"जपा म्हंजी कसं जपू?" हौसाक्कानं विचारलं.

"घरात फवारणी झालीय ना?"

"झालीया की. तारीख हाय."

"मग बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

रक्त तपासायच्या काचा तळकोंडातून जेवढ्या तापाच्या निघाल्या, तेवढ्या पंचक्रोशीत कुठं निघाल्या नाहीत. ज्या गावात एकही घर फवारायचं राहिलं नव्हतं, तिथंच ताप सगळ्यात जास्त. वरून विचारणा झाली. गेरूसाहेब आले. देवळापुढं बाया-पुरुष सगळं गाव जमलं, मलाही बोलावलं. साहेबांनी वही उघडून दाखवली. चौसष्टला चौसष्ट. "फवारणी तर पूर्ण झाली," ते म्हणाले. "माझ्या तपासणीत काही कमी नाही. मग ताप कसा? म्हणजे औषधातच काहीतरी कमी आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

हौसाक्का पुढं आली. कडेवर मंजी, गोधडीत गुंडाळलेली. "ह्यानं पानी मारलं," ती म्हणाली. "औषध कुटं घातलंस रं बाळकू? माझी लेक गेली, आता ही येवढीच ऱ्हायलीया. हिच्यावर पानी मारताना तुजा हात कापला न्हाई?"

मी बडबड्या माणूस. बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा भांडता. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. कारण हौसाक्का बोलत असताना मंजीनं गोधडीतून डोकं बाहेर काढलं, मला बघितलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "फुस्स."

माझा पंप काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाले. मी घरी बसलो. वाण्याच्या दुकानात गेलो तरी लोक माझ्या हातातल्या तांब्याकडं बघून हसायचे. "पानी हाय का औषध, बाळकूअण्णा?"

आठ दिवसांनी तळकोंडात एक बाई आल्या. सुलभा कुडाळकर नाव. याही तपासणीच्याच, पण यांच्याकडं छत्री नव्हती. टोपली होती, वर ओला पंचा झाकलेला. आत काचेच्या नळ्या, आणि नळ्यांत डास. घरी अंड्यापासून वाढवलेले, तापाचे नव्हेत. गावाला कळलं तसं हसू फुटलं. एक म्हातारा म्हणाला, "आमच्यात कमी पडलं म्हून आनखी घिऊन आल्या व्हय, बाई?"

कुडाळकरबाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "फवारणारा माणूस कुठाय? तो मला इथं हवा."

मला बोलावून आणलं. मी म्हटलं, "बाई, मी चोर असलो तर सांगून टाका, नसलो तर तेही सांगा. घरी बसून मला वात आलाय."

"तुम्ही चोर की कोण, ते बघायला मी आलेले नाही," त्या म्हणाल्या. "पोरीला डास कुठून चावतो ते बघायला आलेय. मी भिंतीला विचारणार. ज्या घरात सगळ्यात आजारी माणूस आहे, तिथं चला."

तसे आम्ही हौसाक्काच्या घरी गेलो. हौसाक्का माझ्याशी बोलली नाही. मी पण उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

कुडाळकरबाई सरळ आत शिरल्या. मंजीच्या अंथरुणाशेजारी, भिंतीला काचेचं एक नरसाळं उपडं लावलं, त्यात दहा डास सोडले. अर्धा तास तिथं ठेवायचे. मग काढून जाळी बांधलेल्या पेल्यात ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. भिंतीवर औषध असेल तर मरतील. नसेल तर जगतील. साधा हिशेब.

अर्धा तास जायचा म्हणून बाई ओसरीवर चहा घेत बसल्या. बसल्या बसल्या भिंतीकडं बघत होत्या. पांढरीशुभ्र भिंत, सारवणाची सरळ रेघ. आणि चौकटीशेजारी माझी तारीख.

"हौसाक्का," बाई म्हणाल्या, "तारीख अजून एवढी स्वच्छ कशी हो? दोन-अडीच महिने झाले."

हौसाक्काला बरं वाटलं. तिच्या भिंतीबद्दल कुणी विचारलं की तिला बरं वाटायचंच. "राखलीया," ती म्हणाली. "पंचमीला पोतारताना येवढं सोडलं. गौरीला बी सोडलं. बोटानं कड धरून. सरकारचं लिवलेलं पुसायचं नसतं. समद्या बायांनी माझंच बघून केलंय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या उठल्या आणि भिंतीवरून हात फिरवला. तारखेजवळ हात आला तसा तो खाली उतरला. म्हणजे बघा, तारीख एका खळग्यात होती. आजूबाजूला पांढऱ्या मातीचे थर चढले होते, आणि मधे वीतभर चौकोन जुन्या भिंतीचा, माझ्या ओघळांसकट, देवाच्या तसबिरीसारखा राखलेला.

बाईंनी दुसरं नरसाळं काढलं, बरोबर तारखेवर लावलं, आणि आणखी दहा डास सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव ओसरीपुढं जमलं. हौसाक्का उंबऱ्यात, मंजी तिच्या मांडीवर. बाईंनी पहिला पेला उचलला. आतल्या भिंतीचा. दहाच्या दहा डास जिवंत, गाणं म्हणत होते. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "पानीच."

मग दुसरा पेला. तारखेचा. दहाच्या दहा उताणे. पाय वर.

हौसाक्कानं तो पेला हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. हलवला.

"म्हंजी औषध व्हतं?"

"होतं," बाई म्हणाल्या. "चांगलं होतं. अजूनही आहे. पण पोतेऱ्याखाली गेलं. ह्या सगळ्या घरात आता ते उघडं फक्त तारखेवर राहिलंय."

"पोतारायचं नसतं? मला कुनी सांगितलं न्हाई."

"चावडीत सांगितलं होतं की!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलोच. दहा दिवसांचं तुंबलेलं होतं.

हौसाक्का माझ्याकडं वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चावडीत मी कवा आलते रं, बाळकू? बाया चावडीत येत्यात व्हय? आन् तितं जे बसलेते, त्यातल्या कुनी जल्मात भित सारवलीया?"

मी त्या पुरुषांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. एवढी वर्षं मी गावोगाव हिंडलो. भिंत सारवू नका, भिंत सारवू नका. आणि सांगत होतो कुणाला? ज्यांनी पोतेऱ्याचं फडकं कधी हातात धरलं नाही त्यांना. आणि जिनं विचारलं तिला म्हटलं, चावडीत जाऊन विचार.

हौसाक्कानं पेला खाली ठेवला. आपले दोन्ही हात समोर धरून बघत बसली. बोटांच्या चिरांत पांढरी माती कायमची बसलेली होती. "ह्याच हातांनी," एवढंच म्हणाली. मंजीनं तिचा एक हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. ते पोट अजून टणक होतं.

कुडाळकरबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "अक्का, हातांना दोष देऊ नका. आम्ही इतकी वर्षं तारीख मोजली. तुम्ही तारीख राखली. आम्ही पोरीचा ताप मोजला असता, तर तुम्ही पोर राखली असती."

मी उंबऱ्यापाशी गेलो. मला हे बोलता येत नाही, म्हणून पटकन बोललो. "चुकलं माझं, हौसाक्का. तुला नीट सांगायला पायजे व्हतं."

"चुकलंच," ती म्हणाली.

मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. म्हटलं, आता तीही काहीतरी बोलेल. भर गावात मला चोर म्हणाली होती. ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

बाईंनी तिथंच बसून कागद लिहिला. शंभर टक्के खोडलं. खाली लिहिलं: भिंतीवरचे डास जिवंत, तारखेवरचे मेलेले, तापाची माणसं एकोणचाळीस. आणि तपासणीच्या छापील कागदावर हातानं दोन नवे रकाने आखले. एक, घरात ताप कुणाला आहे. दुसरा, भिंत कोण सारवतं आणि त्या माणसाला कुणी सांगितलं का. गेरूसाहेबांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला जे मोजायला सांगितलं ते त्यानं मोजलं.

माझा पंप मला परत मिळाला. मी दुसऱ्या दिवशी तळकोंड पुन्हा फवारलं. या वेळी आधी पाणवठ्यावर गेलो. बायका धुणं धूत होत्या. मला बघून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मी कातळावर उभा राहून तीन महिन्यांचं सगळं सांगितलं. एक म्हणाली, "दिवाळी तोंडावर आलीया, आन् तुमी म्हनता भित पोतारू नका? सनाला लक्ष्मी काय म्हनंल?" दुसऱ्या म्हणाल्या, हौसाक्का काय करंल ते बघू. ती पोतारणार नसंल तर आमी बी न्हाई.

म्हणजे सगळं तिच्यावर आलं.

आता बघा. काहींचं नाव शेतीनं होतं, काहींचं पैलवानकीनं. हौसाक्काचं नाव भिंतीनं होतं. दुसरं काही तिच्याकडं नव्हतंच. नवरा नाही, लेक नाही, जमीन जेमतेम. चौसष्ट घरांत मान होता तो त्या सरळ रेघेचा. आणि दिवाळीत, सगळं गाव घरोघर फिरतं तेव्हा, तिनं ते ओघळ तसेच ठेवायचे.

वसुबारसेच्या दिवशी तिनं पांढऱ्या मातीची घमेली काढली, असं शेजारणीनं मला सांगितलं. माती भिजवली. फडकं बुडवलं. फडकं हातात घेऊन भिंतीपुढं बराच वेळ उभी राहिली. मग अंगणात येऊन तुळशीचा कट्टा पोतारला. पायऱ्या पोतारल्या. गोठ्याचं कुंपण पोतारलं. उरलेली सगळी माती ओढ्यात ओतून आली. घराच्या भिंतीला बोट लावलं नाही.

पाडव्याला मी तळकोंडात गेलो. काम नव्हतं. बघायला गेलो, पोतेरं कुणी फिरवलंय का ते. कुणी फिरवलं नव्हतं. चौसष्ट घरं डागाळलेली, आणि दारात रांगोळ्या.

हौसाक्काच्या ओसरीवर एक सासू नव्या सुनेला घेऊन आली होती, रिवाजाप्रमाणं. ओघळ बघून सासूचं तोंड पडलं. हौसाक्कानं सुनेचा दंड धरला आणि तिला भिंतीजवळ नेलं. "बघ, नीट बघून घे," म्हणाली. "हे डाग हैत म्हून माझी नात हाय. तुला पोरबाळ झालं की याद ठेव."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बस. करंज्या खा. पन भितीकडं बघू नगंस, मला लाज वाटती."

तेवढ्यात मंजी आली. मागच्या अंगणात आंघोळ करून, केस ओले, अंगाला चिंधीसारखा पंचा. ओसरीवर आली आणि उभी राहिली. तिचे दात वाजायला लागले. खांदे थडथडायला लागले.

हौसाक्काच्या हातातलं करंज्यांचं ताट खाली पडलं. मी उठलो. सासू, सून, कुणी हललं नाही. तीन पावलांचं अंतर होतं, पण ती म्हातारी ते कशी चालली ते मी बघितलंय. गुडघ्यावर बसली आणि तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

हात तिथंच ठेवला. मग गालाला. मग मानेला. मग पुन्हा कपाळाला.

"गार हाय," ती म्हणाली. आणि परत म्हणाली, "गार हाय रं, बाळकू."

"थंडी वाजतीया," मंजी म्हणाली. "पानी गार व्हतं." आणि खाली पडलेली करंजी उचलून खायला लागली.

हौसाक्का मागं सरकली आणि भिंतीला टेकून बसली. त्या ओघळांना पाठ लावून. नवं लुगडं होतं तिचं. त्याच्या पाठीवर सगळी पांढरी पूड लागली, तिला पत्ता नव्हता. मंजी माझ्याजवळ आली, करंजी तोंडात असताना म्हणाली, "फुस्स," आणि चुरा माझ्या धोतरावर उडाला.

त्या हिवाळ्यात तिला ताप आला नाही. पुढच्या पावसाळ्यातही नाही. तळकोंडात तापाची माणसं एकोणचाळीसवरून चारवर आली. पोरीचं पोट हळूहळू मऊ झालं. ती आता आजी झालीय आणि अजून मला गल्लीत बघितलं की फुस्स करते, चार माणसांत. लाज नाही.

त्यानंतर दरसाल फवारणीचे तीन महिने झाले की मी हौसाक्काच्या दारात जायचो आणि सांगायचो, "आता सारव." तोवर ती फडक्याला हात लावायची नाही. मी उशिरा गेलो तर वाट बघायची आणि शिव्या द्यायची. चहा द्यायची, करंज्या द्यायची, एकदा तर मला ताप आला तेव्हा सहा मैल चालून माझ्या घरी आली आणि कपाळाला हात लावून गेली. सगळं केलं. एक गोष्ट सोडून.

तात्पर्य: काम झाल्याची खूण मोजू नका, ज्याच्यासाठी काम केलं त्याच्या कपाळाला हात लावून बघा. सांगायचं असेल ते ज्याच्या हातात फडकं आहे त्यालाच सांगा, चावडीत सांगून घरी जाऊ नका. आणि ज्यानं पाणी मारलं नव्हतं त्याला भर गावात चोर म्हटलं असेल, तर मरायच्या आधी एकदा "चुकलं" म्हणावं. तिची नव्वदी उलटलीय, हा विषय काढला की ऐकू येत नाही असं दाखवते, आणि मी अजून वाट बघतोय. डॉक्टरीणबाईंनी सगळं स्वच्छ लिहायला सांगितलंय, म्हणून नावही लिहितो: हौसाबाई.